पत्रिकेचा माथा आणि पत्रिकेची तळओळ

मराठी मुद्रणाचा इतिहास लिहावयास बसलेला अभ्यासक सहसा मुंबई-पुण्याच्या पलीकडे जात नाही. अमेरिकन मिशनचा छापखाना, गणपत कृष्णाजींचे पंचांग, जावजी दादाजींचा निर्णयसागर, केसरीचे कार्यालय एवढी स्थळे घेतली की त्याची यात्रा पुरी होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागील बोळात असलेल्या एका खोलीच्या छापखान्यास या इतिहासात जागा नाही. त्याने ग्रंथ छापले नाहीत. त्याने पावतीपुस्तके छापली, सरकी-कापसाच्या व्यापाऱ्यांची बिले छापली, निवडणुकीची पत्रके छापली. आणि वर्षातील चार-पाच महिने रात्रीचा दिवस करून लग्नपत्रिका छापल्या. बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर आमचे मत असे आहे की, या जिल्ह्याच्या मुद्रणाचा खरा इतिहास लग्नपत्रिकेत आहे. लग्न आटोपताच पत्रिका टाकून देण्याची आपली रीत असल्यामुळे तो इतिहास आपण दर उन्हाळ्यात थोडा थोडा फेकून देत आलो आहोत.

ज्या वाचकांना हा प्रदेश परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बुलढाणा हा वऱ्हाडचा पश्चिमेकडील जिल्हा. (वऱ्हाड हे नाव रुक्मिणीच्या लग्नाला जमलेल्या वऱ्हाडावरून पडले, अशी दंतकथा आहे. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही, पण लग्नपत्रिकेवरील लेखात तिला वगळणे आम्हांस जमले नाही.) अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद हा घाटाखालचा भाग. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग घाटाखालून गेला. जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंतचा फाटा १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. घाटावर मात्र रेल्वे चढली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी असून तेथे अद्याप रूळ पडलेले नाहीत. छापखान्याचे यंत्र लोखंडाचे, खिळे शिशाचे आणि कागद रिमांनी येणारा. असा वजनदार माल कोणत्या गावी सुखाने उतरतो आणि कोणत्या गावी घाट चढून न्यावा लागतो, यावर त्या गावच्या छपाईची किंमत ठरत असे.

छापील पत्रिकेपूर्वी निमंत्रणे होतीच. घरोघर अक्षत देणे, परगावी माणूस धाडणे, कुंकवाची बोटे उमटवलेले हस्तलिखित पत्र पाठविणे या रीती होत्या, आणि पत्राची लिपी बहुधा मोडी असे. छापखान्याने पहिला बदल केला तो लिपीचा. मोडीचे खिळे पाडले गेले होते, परंतु गावोगावच्या छापखान्यांत पोहोचले ते बाळबोध अक्षरांचे. ज्या घरचे हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत चालत, त्या घरचे लग्न बाळबोधीत जाहीर होऊ लागले.

ही बाळबोध अक्षरे खिळ्यांत उतरवणे किती कठीण होते याची पहिली तक्रार आपल्याच परंपरेतील एका लेखकाने केलेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ५ डिसेंबर १६०८ रोजी आपल्या संघाच्या जनरलांस लिहिलेल्या पत्रात, या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापलेली पाहावी अशी आपली अनेक वर्षांची इच्छा बोलून दाखविली आणि ती का फळास येत नाही हेही सांगितले. युरोपात चोवीस अक्षरांनी जे काम भागते त्यास येथे सहाशे साचे लागतील, हे पहिले कारण. गोव्यात १५५६ पासून मुद्रणयंत्र होते, तरी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापावे लागले ते या सहाशे साच्यांपायी. पुढे १७७१ साली रोम येथे धर्मप्रसार मंडळाच्या छापखान्याने देवनागरी खिळे पाडून एक वर्णमाला छापली, आणि १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण निघाले, त्यात मराठी शब्द देवनागरी खिळ्यांत आले. स्टीफन्स यांच्या पत्राला तोवर जवळजवळ दोनशे वर्षे लोटली होती.

हे सर्व बुलढाण्याच्या लेखात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, स्टीफन्स यांना छळणारे ते सहाशे साचे चिखली-मेहकरच्या जुळाऱ्यालाही तितकेच छळत होते. इंग्रजी मजकुरास दोन केसांत भागते. मराठी जुळाऱ्यापुढे चार-चार केसेस मांडलेल्या असत आणि त्यांच्या शेकडो खणांत मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार निरनिराळे पडलेले असत. डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने एकेक खिळा उचलायचा, तोही उलटा वाचत. मोठ्या शहरातील छापखान्यात खिळ्यांचा साठा विपुल असे. गावातील मालक आपल्या ऐपतीप्रमाणे मोजके वजन घेई, आणि साध्या मजकुराला ते पुरेही.

लग्नपत्रिका हा साधा मजकूर नव्हे. ग्रंथात अक्षरे भाषेच्या स्वाभाविक प्रमाणात येतात, पत्रिकेत ती नात्यागोत्याच्या प्रमाणात येतात. एका पत्रिकेत निमंत्रक म्हणून वीस देशमुख आले की 'दे', 'श', 'मु' आणि 'ख' प्रत्येकी वीस लागणार. 'श्री', 'सौ' आणि 'चि' यांची तर गणतीच नाही. खण रिकामा झाला की जुळाऱ्यापुढे दोनच मार्ग उरत. एक, दुसऱ्या वळणाचा अथवा जाडीचा खिळा मध्येच बसवायचा. आमच्या पाहण्यातील जुन्या पत्रिकांत सडपातळ अक्षरांच्या ओळीत अकस्मात एखादे ठसठशीत 'दे' बसलेले दिसते, ते या टंचाईचे चिन्ह होय. दुसरा मार्ग, कोणाचे तरी नाव गाळायचे. हा मार्ग जुळाऱ्याच्या हाती नसे, कारण त्यातून रुसवे होत, भाऊबंदकी पेटे, आणि मांडवात न आलेला चुलता त्याचे कारण पुढील पंधरा वर्षे सांगत राही. म्हणून कच्चे मुद्रित तपासावयास घरचा जाणता माणूस येई. शुद्धलेखनाकडे त्याचे लक्ष बेताचेच असे. कोणाचे नाव कोणाच्या वर, मामाकडील मंडळी डावीकडे की उजवीकडे, गावच्या पाटलास 'श्री' की 'श्रीमान', हे तो पाही. बहुधा वर आणि वधू या दोघांखेरीज सर्वांच्या मानपानाचा त्या प्रुफावर विचार होई.

यंत्र बहुतेक ठिकाणी पायाने चालवायचे ट्रेडल असे. १८५० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज गॉर्डन याने या जातीच्या यंत्रास रूप दिले. बेंजामिन फ्रँकलिन याने स्वप्नात येऊन आपल्याला ही रचना सांगितली असे तो म्हणे, आणि त्याने यंत्रास नावही फ्रँकलिनचेच दिले. एक माणूस उभा राहून पायाने पट्टी दाबतो, एका हाताने कोरा कागद घालतो, दुसऱ्याने छापलेला काढतो. लाल आणि हिरवा असे दोन रंग हवे असल्यास तोच कागद दोनदा घालावा लागे. सोनेरी अक्षरे हवी असल्यास ओल्या छपाईवर भुकटी शिंपडून कापसाच्या बोळ्याने पुसत. खिळे कागदात किती रुतावेत याचा चांगल्या कारागिरास अभिमान असे. पत्रिका उलटी करून मागून बोट फिरवले तर उठाव हातास लागता कामा नये, कारण दाब अधिक म्हणजे शिसे लवकर झिजणार.

काम संपले की जुळलेला मजकूर सोडून प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या खणात जाई. कालच्या वधूच्या नावातील 'सु' उद्या दुसऱ्या वधूच्या नावात लागणार. छापखान्यात त्या लग्नाची काहीच खूण राहत नसे. राहिली तर घरात, पत्रिकेच्या रूपाने.

आता पत्रिकेच्या माथ्याकडे वळू. मजकुराचा सांगाडा सर्वत्र एक असे: श्रीकृपेकरून अमुक यांचे द्वितीय चिरंजीव आणि तमुक यांची ज्येष्ठ कन्या यांचा विवाह अमुक मुहूर्तावर करण्याचे योजिले आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार यावे. माथ्यावर मात्र घराण्याचा धर्म, पक्ष आणि पिढी छापलेली असे. गणपतीचा ठसा प्रत्येक छापखान्यात असायचाच, आणि वर्षानुवर्षे वापरून त्याची सोंड पुसट झालेली असायची. वारकरी घरांना विठ्ठल हवा असे. शेगाव याच जिल्ह्यात असल्याने गजानन महाराजांच्या ठशालाही मागणी असणारच.

परंतु या माथ्यावरून वादही झालेले आहेत. ब्राह्मण पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी लागला. महात्मा फुले यांनी १८८७ साली स्वतः रचलेल्या मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक प्रसिद्ध केले. मुद्रणाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुरोहिताचे पाठांतर बाजूस सारायचे तर विधी छापून लोकांच्या हाती द्यावा लागतो. ही चळवळ वऱ्हाडात रुजली, आणि फुले यांचे पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिलेले चरित्र १९२७ साली प्रसिद्ध झाले ते पुण्याहून किंवा मुंबईहून नव्हे, बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीहून. ज्या गावाने हे चरित्र दिले त्या गावच्या परिसरात पत्रिकेवर गणपती असावा की नसावा, हा प्रश्न केवळ सजावटीचा असू शकत नव्हता.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आणखी एक नवा माथा आला. नागपूरच्या दीक्षेनंतर वऱ्हाडातील असंख्य घरे बौद्ध झाली, आणि त्यांच्या पत्रिकांवर बुद्धाची व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा आली, 'शुभविवाह' जाऊन 'मंगल परिणय' आला, मुहूर्ताची जागा साध्या वेळेने घेतली. ज्या समाजाला पूर्वीच्या व्यवस्थेने मंडपाच्या बाहेर ठेवले होते, त्याने स्वतःच्या मंगलकार्याचा शब्द स्वतः निवडून खिळ्यांत जुळवून घेतला. एका शब्दाचा हा बदल आम्हांस अनेक ठरावांहून मोठा वाटतो.

मुसलमान घरांच्या उर्दू पत्रिकांची कथा तांत्रिक कारणाने निराळी झाली. नस्तालीक लिपीची तिरपी, एकमेकांवर चढणारी वळणे खिळ्यांत नीट बसत नाहीत. म्हणून मजकूर कातिबाच्या हातून लिहवून घ्यावा लागे आणि त्यावरून शिळाछापाने किंवा ठसा करून छपाई होई. एकाच गावातील दोन शेजाऱ्यांच्या पत्रिका दोन निराळ्या शतकांतल्या वाटाव्यात असे हे दृश्य होते; आणि खरे सांगायचे तर दोहोंत देखणी असे ती कातिबाची.

आपल्या समाजाची संख्या या जिल्ह्यात अल्प. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, त्यात बुलढाणा जिल्हा येतो. वसईत ख्रिस्ती पत्रिकेसाठी लागणारे क्रूस, कबुतर, अंगठ्या, गुंफलेली आद्याक्षरे यांचे ठसे सहज मिळत. जेथे शंभर गणपतींमागे एक क्रूसही खपत नाही तेथे मालक ठसा कशाला ठेवील? इंग्रजी केसमध्ये तळटीपेसाठी असलेले खंजिरासारखे चिन्ह अशा वेळी क्रूस म्हणून कामी येई. तळटीपेचा खंजीर पत्रिकेच्या माथ्यावर चढून तारणाचे चिन्ह व्हावा, यात जुळाऱ्याची हुशारी आहेच, आणि धर्मशास्त्रज्ञाला विचार करावयास लावील असे काही आहे.

अगदी अलीकडचा माथा सिंदखेड राजाचा. जिजाऊंचे हे जन्मस्थान. येथे १२ जानेवारी २००५ रोजी शिवधर्माची घोषणा झाली, आणि त्या विचाराच्या घरांतून 'जय जिजाऊ' हा माथा रूढ झाला. तोवर खिळे जाऊन संगणक आले होते, एवढेच.

पत्रिकेसोबत छापखान्याचे दुसरे काम म्हणजे मंगलाष्टके. पतंगाच्या रंगीत, झिरझिरीत कागदावर छापलेली ही पाने मांडवात वाटली जात. त्यांतील कविता त्या लग्नापुरतीच रचलेली असे. शार्दूलविक्रीडितात वरवधूंची, आत्या-मामांची, गावची नावे गुंफलेली. कवी कोण? गावचे गुरुजी, वराचा मित्र, एखादी शिकलेली बहीण. पुष्कळांच्या आयुष्यातील ती पहिली आणि शेवटची छापील कविता. वृत्त सांभाळताना मामाचे नाव मोडे, मात्रा वाढे, आणि जुळारी आपल्या अधिकारात एखादा ऱ्हस्व दीर्घ करून टाकी. वाङ्मय म्हणून या पानांची थोरवी सांगण्याचे कारण नाही. परंतु खेड्यातील सामान्य माणसाने स्वतः रचून, पैसे मोजून छापून घेतलेली कविता म्हणून त्यांच्याकडे पाहिले तर असा ऐवज दुसरा नाही.

पत्रिकेच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत छापखान्याचे आणि गावाचे नाव असे. पाहुण्यांचे लक्ष तेथे जात नसे. अभ्यासकाने मात्र आधी तेथेच पाहावे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर व कागदावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ घालणे बंधनकारक केले होते. सरकारचा डोळा राजद्रोही पत्रकांवर होता. लग्नपत्रिकांवरील तळओळ ही त्याची नकळत झालेली देणगी. तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा अमलात आला आहे. कोणत्या गावी कोणत्या वर्षी छापखाना होता, घाटावरचे लोक छपाईसाठी खामगावला उतरत की चिखलीतच काम होई, हे पत्रिकेच्या तळओळीवरून लावता येते. ग्रंथांच्या बाबतीत शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची हाताशी आहे, आणि १९५४ पासून प्रत्येक ग्रंथाची प्रत ठरावीक ग्रंथालयांस देण्याचा कायदा आहे. पत्रिकेला सूची नाही, ग्रंथालय नाही.

आपल्या लोकांना याची उणीव जाणवत नाही, त्यालाही कारण आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहापूर्वी तीन वेळा जाहीर पुकार आणि विवाहाची नोंदवही हे दोन्ही सक्तीचे केले. चारशे वर्षांनंतरही पणजोबांच्या लग्नाची तारीख चर्चच्या वहीत सापडते. मेहकरच्या शेतकरी घराला अशी वही नव्हती. तेथे लग्नाची तारीख पत्रिकेवरच राही, आणि विवाहनोंदणीच्या अर्जासोबत आजही पत्रिका मागितली जाते. जाहीर पुकाराचा उद्देश अडथळा असेल तर तो वेळीच उघड व्हावा हा होता. पत्रिकेवरही तीच जबाबदारी हळूहळू आली. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, तेव्हा त्याआधीच्या महिन्यांत देशभर घाईघाईने बालविवाह उरकले गेले. वधूचे किमान वय तेव्हा चौदा होते, १९७८ साली ते अठरा झाले. २००६ च्या कायद्यानुसार बालविवाह लावणारा आणि त्यास साहाय्य करणारा शिक्षेस पात्र ठरतो. वयाचा दाखला पाहिल्यावाचून पत्रिका छापू नये असे प्रशासन मुद्रकांना बजावते ते त्यामुळेच. मानपान तपासण्यासाठी निघणाऱ्या प्रुफावर आता वधूचे वयही तपासले जावे, ही अपेक्षा आम्हांस रास्त वाटते. ज्या वऱ्हाडात मुलीचे लग्न अजूनही पिकापाण्यावर ठरते, तेथे ती पाळणे मुद्रकास सोपे जात नसेल हेही खरे.

स्त्रियांच्या नावांचे काय झाले तेही पत्रिकेतच दिसते. आरंभीच्या पत्रिकांत वधूच्या पित्याचे, आजोबांचे, गावाचे नाव आहे; आईचे नाही. पुढे 'सौ. व श्री.' अशी जोडी आली. विधवा आईच्या नावामागे 'गं. भा.' लागे, म्हणजे ज्या मंडपात तिला पुढे येऊ द्यायचे नाही त्याच्या निमंत्रणावर तिचे वैधव्य मात्र ठळक छापायचे. २०२३ साली हीच उपाधी सरकारी पातळीवर पुन्हा आणण्याची सूचना निघाली तेव्हा मोठा गदारोळ झाला. जुन्या पत्रिका चाळणाऱ्याला त्या गदारोळाचे नवल वाटत नाही.

खिळ्यांची छपाई एकाएकी मेली नाही. प्रथम शिवकाशीसारख्या ठिकाणची रंगीत, कोरी पत्रिका आली. चित्र, सोनेरी वेल, पाकीट सर्व तयार. गावच्या ट्रेडलने आत केवळ नावे छापायची. मग स्क्रीन-छपाई आली, १९९० च्या सुमारास संगणकावरचे मराठी टंक आले, ऑफसेट आले. संगणकाच्या खणात 'दे' कधी संपत नाही, त्यामुळे निमंत्रकांच्या याद्या वाढल्या आणि पत्रिकेला पाने फुटली. खिळे किलोच्या भावाने मोडीत गेले. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा तो मिश्रधातू वितळविण्यास सोपा. आता निमंत्रण फोनवर येते. मांडव उठण्यापूर्वी ते पुसलेही जाते.

गंमत अशी की, १९९० च्याच दशकात अमेरिकेत उलटा प्रवास सुरू झाला. मार्था स्टुअर्ट यांच्या विवाहविषयक नियतकालिकाने खिळ्यांनी छापलेल्या निमंत्रणांची आवड पसरविली, आणि जुनी यंत्रे धूळ झटकून पुन्हा उभी राहिली. तेथे आज खोल रुतलेली अक्षरे हीच श्रीमंतीची खूण आहे. ज्या उठावासाठी आमच्या कारागिराने बोलणी खाल्ली असती त्यासाठी तेथे अधिक दाम मोजतात. तो उठाव झेलण्यासाठी कागदही जाड आणि कापसाच्या धाग्याचा लागतो. असा कागद आपल्यालाही परका नाही: पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, आणि बुलढाण्याच्या शेजारच्या जिल्ह्यात दौलताबादजवळ कागजीपुऱ्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. कापूस तर खामगावच्या बाजारात गाड्यांनी येतो. कापूस, कागद आणि यंत्र तिन्ही असताना ती कला येथे उभी राहिली नाही, कारण तिन्ही असलेल्या माणसांना एकमेकांची गरज पडली नाही.

ट्रेडल यंत्रे मात्र सर्वच मोडीत निघाली नाहीत. ओतीव लोखंड चिवट असते. काही छापखान्यांत ती अजून चालतात. पायाऐवजी विजेची मोटर आहे, शाईचे रोलर काढून ठेवले आहेत, आणि खिळ्यांच्या फर्म्याच्या जागी लाकडात बसविलेली बोथट पोलादी पट्टी असते. बाहेरून छापून आलेल्या पत्रिका तिच्यात एकेक करून घालतात. यंत्र मिटते, उघडते, आणि पत्रिकेला घडीची रेघ पडते.